न भरणारी टाकी

फराळाचं ताट समोर ठेवून हा अंक वाचत असाल तर आधी ताट संपवा. मी थांबते.

संपादकांनी फोनवर ‘आयर्लंडमधल्या तुमच्या कामाविषयी लिहा ना’ म्हटलं, तेव्हा त्यांच्या मनात हिरवी कुरणं आणि मेंढ्या असाव्यात. मी म्हटलं, “लोक घर विकायला काढतात तेव्हा त्यांची मैल्याची टाकी तपासणं, हे माझं काम.” मग ते हळूच म्हणाले, “म्हणजे... पर्यावरणाबद्दल?”

हो, पर्यावरणाबद्दल. सांगलीतली माझी आई शेजारणींना ‘मीना तिकडे पाण्याच्या खात्यात आहे’ असं सांगते. नवरा पार्ट्यांमध्ये ‘साइट असेसमेंट’ म्हणतो. इथल्या आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं तर मी सरळ ‘संडासाच्या टाक्या’ म्हणते, आणि समोरच्याचा हात समोशापाशी थबकतो तो बघत बसते. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी करमणूक तर हवीच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गॉलवे शहर सोडून दहा मिनिटं गाडी हाकली की गटारांचं जाळं संपतं. पुढे प्रत्येक बंगल्याची आपापली टाकी, आवारात पुरलेली. घरातलं सगळं सांडपाणी तिच्यात येतं. गाळ खाली बसतो, वरचं पाणी भोकं असलेल्या पाइपांतून बागेखालच्या मातीत झिरपतं आणि माती ते हळूहळू स्वच्छ करते. गाळ अधूनमधून उपसावा लागतो. व्यवस्था उत्तम आहे. अट एकच, माणसाने तिच्याकडे लक्ष द्यायचं.

माणूस लक्ष देतो ते घर विकताना. कारण तेव्हा घेणाऱ्याचा वकील विचारतो, टाकीची नोंदणी झाली आहे का? टाकी आणि पाझराची जागा तुमच्याच हद्दीत आहे ना, की शेजाऱ्याच्या शेतात? शेवटची कधी उपसली, पावती दाखवा. आणि इंजिनिअरचा अहवाल कुठे आहे? मग विकणाऱ्याला आठवतं की आपल्याला टाकी आहे. कुठे आहे, ते मात्र पुष्कळांना आठवत नाही. एका गृहस्थांनी टाकीवर गरम पाण्याचा हौद बसवून घेतला होता. त्यात बसून हातात बिअरचा ग्लास घेऊन त्यांनी मला विचारलं होतं, “तू नक्की कुठे शोधतेयस?” दुसरे एक आजोबा दरवर्षी टाकीत एक मेलेली कोंबडी सोडत. त्याने म्हणे टाकी ‘जिवंत’ राहते. मी शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग बदक चालेल?”

विकणारे सगळे टाकीबद्दल एकच शब्द वापरतात, ग्रँड. इथे राहणाऱ्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, ग्रँड म्हणजे भव्य नव्हे, उत्तमही नव्हे. ग्रँड म्हणजे आता विषय बदलूया.

आणि आपली माणसं? ती टाकीबद्दल शब्दच वापरत नाहीत. आयरिश घरात झाकण बंद करून, हातमोजे काढून, हात धुतले की घरची म्हातारी मला स्वयंपाकघरात बसवते आणि मगात चहा देते. आपल्या लोकांच्या घरी चहा मिळतो तो आवारात, कागदी कपात. “मीनाताई, तुम्हाला परत बूट काढायचा त्रास नको,” असं अगदी प्रेमाने म्हणतात. त्या कपाचं कूळ मला ओळखता येतं. तुम्हालाही येईल. आपल्याकडे ज्यांना ह्या कामासाठी गटारात उतरवलं जातं त्यांना कपही मिळाला नाही. मला निदान इंजिनिअर म्हणतात.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगते आहे, पण जी गोष्ट सांगायची आहे तिच्यात माझा तोरा फार टिकत नाही.

डॉक्टर अभय आमच्या मंडळातले. हाडांचे डॉक्टर, हसतमुख, गणपतीत आरती खड्या आवाजात म्हणणारे. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी शहराबाहेर एक टुमदार बंगला घ्यायचं ठरवलं आणि मला म्हणाले, “ताई, बँकेला टाकीचा रिपोर्ट हवाय. फॉर्मॅलिटी आहे. येता जाता एक नजर टाका ना.”

मी येता जाता नजर टाकली. शनिवार होता आणि मी मंडळाच्या गणपतीला निघाले होते. अंगावर पैठणी, पायात गमबूट. टाकीचं झाकण काटेरी झुडपांखाली होतं आणि त्यावर एक सिमेंटची कुंडी. कुंडी सरकवायची, झुडपं कापायची, गुडघ्यांवर बसून झाकण उचलायचं आणि आत वाकायचं, हे सगळं पैठणीत करायचं माझ्या जिवावर आलं. घर विकणारे गृहस्थ पाठीशी उभे राहून ‘ग्रँड आहे, ग्रँड आहे’ म्हणत होतेच. पाऊस बरेच दिवस झाला नव्हता, गवत कोरडं होतं, वास नव्हता. मी लिहून दिलं, ‘यंत्रणा समाधानकारक असल्याचे भासते.’ आणि आरतीला वेळेवर पोचले.

गेल्या वर्षी डॉक्टरांना लेटरकेनीच्या इस्पितळात वरची जागा मिळाली आणि त्यांनी तो बंगला विकायला काढला. एक तरुण आयरिश जोडपं घ्यायला तयार झालं. त्यांच्या वकिलाने टाकीचा ताजा अहवाल मागितला. डॉक्टरांनी मला फोन केला. माझाच जुना अहवाल असताना मी हे काम घ्यायलाच नको होतं, दुसऱ्या कुणाचं नाव सुचवायला हवं होतं. पण आपल्या माणसाला नाही म्हणायचा आपल्याला सराव नसतो.

ह्या वेळी मी डांगरी घालून गेले. डॉक्टर दारातच म्हणाले, “ताई, काही बघायचीच गरज नाही. इतकी मस्त टाकी आहे! आठ वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. भरतच नाही!”

चार माणसांच्या घरात आठ वर्षांत न भरणारी टाकी हा चमत्कार नसतो, ती चाळणी असते.

कुंडी सरकवली, झुडपं कापली, झाकण उचललं. टाकीतलं पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तोंडापर्यंत असायला हवं. इथे ते पार तळाशी होतं, हातभरही नाही. पाइपाचं तोंड खडखडीत कोरडं. म्हणजे घरातलं सगळं सांडपाणी पाझराच्या जागेपर्यंत कधी पोचलंच नव्हतं. ते तळातून खाली जात होतं. आणि त्या भागात मातीचा थर वीतभर, त्याखाली चुनखडीचा खडक. चुनखडीला भेगा असतात. भेगेत शिरलेलं पाणी गाळलं जात नाही, फक्त प्रवासाला निघतं.

मी मान वर केली. बंगल्याच्या खाली उताराला एकच घर होतं. “तिथे कोण राहतं?”

“ब्रिडी,” डॉक्टर म्हणाले. “फार गोड बाई. ऐंशीच्या पुढची. गावच्या पोस्टात होती आयुष्यभर.”

“पाणी कुठलं पिते?”

“विहीर आहे तिची. बोअर. आम्हालाही पाजते कधी कधी. एकदम नॅचरल.” आणि मग स्वतःच पुढे म्हणाले, “बिचारीचं पोट मात्र सारखं बिघडतं. गावच्या डॉक्टरकडे वेळ मिळत नाही, म्हणून मीच कुंपणावरून सल्ला देतो.”

मी गाडीतून रंगाची बाटली काढली. निरुपद्रवी रंग असतो, पण थेंबभरानेही पाणी झगझगीत हिरवं होतं. तो संडासातून सोडायचा आणि कुठे उगवतो ते बघायचं. आधी शेजाऱ्यांना सांगायचं, असा नियम आहे. मी ब्रिडीकडे निघाले तर डॉक्टरांनी अडवलं. “तुम्ही कशाला? घाबरेल ती. मी सांगतो संध्याकाळी.” मी ऐकलं आणि रंग सोडून निघाले. नियम मोडायची माझी ही दुसरी वेळ.

तिसऱ्या दिवशी सकाळी एक अनोळखी नंबर वाजला.

“तुझ्या गाडीवर हा नंबर होता,” एका म्हातारीचा, अगदी शांत आवाज. “मी ब्रिडी, डॉक्टरांच्या खालची. माझी चादर हिरवी झाली आहे. तुला त्याबद्दल काही माहिती असेल असं मला उगीचच वाटतंय.”

मी पोचले तेव्हा ती अंगणात उभी होती. ठेंगणी, काटक, अंगात निळा कार्डिगन. मागे दोरीवर दोन चादरी आणि चार उशांचे अभ्रे वाळत होते, कोवळ्या पोपटी रंगाचे. त्या करड्या सकाळी ते अक्षरशः उजळत होते. खिडकीत तिने काचेचा जग भरून ठेवला होता, तोही तसाच.

“डॉक्टरांनी तुम्हाला काही सांगितलं नाही?” मी विचारलं.

“सांगितलं ना. परवा म्हणाले, घराचा सौदा होतोय, आता तुमची आठवण येईल.” तिने जगाकडे पाहिलं. “ह्या पाण्याबद्दल मात्र काही म्हणाले नाहीत.”

मी तिला सगळं सांगितलं. रंग निरुपद्रवी आहे, पण रंग ज्या वाटेने आला त्याच वाटेने बाकीचं सगळंही येत असणार. नळाचं पाणी आजपासून तोंडाला लावायचं नाही. नमुना मी प्रयोगशाळेत नेते. ती ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, “किती वर्षं?”

“आठ तरी. जास्तही असतील.”

तिने मान हलवली आणि चादरी काढायला लागली. मी मदतीला हात पुढे केला तर म्हणाली, “नको. एवढं मला जमतं.”

तिथून मी वर डॉक्टरांकडे गेले. इस्पितळात जायच्या तयारीत होते. मी सांगितल्यावर त्यांनी आधी दार लोटलं.

“ताई, वकिलाला अजून काही कळवलं नाही ना? मग एक सुचवू का? ‘अधिक तपासणी करावी’ एवढंच लिहा. ते लोक सही करतील, मग पुढचं त्यांचं ते बघतील. नाही तरी इथे सगळ्यांच्याच टाक्या अशा असतात.”

“खाली एक म्हातारी हे पाणी पिते आहे, डॉक्टर.”

“मी तिला बाटलीबंद पाणी आणून देईन. आयुष्यभर देईन!” मग आवाज उतरवून, अगदी आदराने म्हणाले, “आणि तुम्हीही विचार करा. माझ्या फाइलमध्ये तुमचाच रिपोर्ट आहे. ‘समाधानकारक.’ मी तो कुणाला दाखवणार नाही, पण प्रकरण वकिलांत गेलं तर मागतीलच ना?”

खोटं कशाला बोलू, मी विचार केला. दाराच्या त्या आतल्या बाजूला उभं राहून मी मनातल्या मनात तीन वाक्यं रचून पाहिली, एकाहून एक गुळगुळीत. एवढ्या वर्षांच्या अहवालांनी मला ती भाषा चांगलीच शिकवली आहे. ‘निरीक्षणाच्या वेळी.’ ‘दर्शनी स्वरूपात.’ ह्या भाषेत कुणी कधी आजारी पडत नाही.

मग मी म्हटलं, “डॉक्टर, पाच मिनिटं खाली या. फक्त दोरीवरचं बघा आणि मग सांगा काय लिहू.”

ते घड्याळ बघत आले. ब्रिडीने एक चादर काढून घेतली होती, बाकीचं अजून वाऱ्यावर होतं. ते कुंपणापाशी थांबले. मग पुढे झाले आणि त्यांनी एक अभ्रा हातात धरला, पेशंटचा एक्स-रे धरावा तसा उजेडाकडे. बराच वेळ धरून ठेवला. माणूस डॉक्टर होता शेवटी. त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

“मी तिला म्हणालो वयामुळे होतंय,” ते मराठीत पुटपुटले. “नमुना तपासायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी हाडं बघतो ताई, पोटात मी कशाला पडलो?”

त्या दिवशी ते इस्पितळात दोन तास उशिरा गेले.

पुढचं आधीच सांगून टाकते. प्रयोगशाळेने जे कळवलं ते सणाच्या दिवशी लिहीत नाही. मी अहवाल लिहिला, त्याला माझा आठ वर्षांपूर्वीचा अहवाल जोडला आणि खाली लिहिलं की तेव्हा झाकण न उघडताच तो दिला होता. तरुण जोडप्याने सौदा सोडला. डॉक्टरांना नवी शुद्धीकरण यंत्रणा बसवावी लागली, त्यात परवानग्या धरून वर्ष गेलं, आणि लेटरकेनीची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ब्रिडीच्या घरी गावच्या पाणीयोजनेचा नळ आला, विहीर बंद केली. माझ्या व्यवसायसंस्थेने मला बोलावून दोन तास प्रश्न विचारले. आमच्या मंडळात काही जणांनी मला सांगितलं की, आपल्या माणसाचं असं करायला नको होतं. आपलं माणूस म्हणजे डॉक्टर. ब्रिडी कुणाची, ते कुणी सांगितलं नाही.

पण त्या आठवड्यातली एक दुपार राहिली.

प्रयोगशाळेचा कागद आला त्या दिवशी डॉक्टर मला म्हणाले, “माझ्याबरोबर याल? एकट्याने जायची हिंमत नाही.” हातात चॉकलेटचा भलामोठा डबा होता. ब्रिडीने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं. डबा घेतला, कपाटात ठेवून दिला आणि बाटलीतल्या पाण्याचा चहा टाकला. डॉक्टरांनी माफी मागितली. चांगली मागितली, फाटे फोडले नाहीत.

ब्रिडी उठली. तिने सोडा ब्रेडचा जाड काप कापला, त्यावर बोटभर लोणी थापलं आणि ताटली घेऊन डॉक्टरांच्या समोर बसली.

“चार वर्षांपूर्वी तुम्ही म्हणालात दूध सोडा. सोडलं,” ती म्हणाली. “मग लोणी. मग हा ब्रेड. मग कोबी, कांदा, ख्रिसमसचा केक. माझी बहीण गेली तेव्हा लोक जेवायला आले होते. त्यांच्या पानात मी वाढलं आणि स्वतः कोरा भात खाल्ला. तुम्ही सांगितलं होतं म्हणून. आणि औषधाच्या गोळ्या भरपूर पाण्याबरोबर घ्या म्हणालात. घेतल्या.”

मग तिने तो काप खाल्ला. घाई न करता, शेवटच्या तुकड्यापर्यंत. त्यात दहा मिनिटं सहज गेली असतील. आम्हा दोघांना बघत बसण्याखेरीज दुसरं काही करता येईना. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसलं, पण तिने घास थांबवला नाही.

ताटली रिकामी झाल्यावर ती माझ्याकडे वळली. “आणि तू? तुझा चेहरा का पडलाय? तू तर शोधून काढलंस.”

मी पिशवीतून जुना अहवाल काढून तिच्यापुढे ठेवला. पोस्टात आयुष्य गेलेली बाई, तिने चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचली, तारीख आणि सहीसुद्धा. एका ओळीवर तिचं बोट थांबलं.

“‘समाधानकारक असल्याचे भासते.’ भासते म्हणजे काय?”

“म्हणजे मी वाकून पाहिलं नाही,” मी म्हणाले.

तिने कागदाची घडी केली आणि तो मला परत दिला. मग दारामागच्या खुंटीवरून टॉर्च काढून माझ्या हातात ठेवली.

“माझी टाकी गोठ्याच्या मागे आहे. नवऱ्याने स्वतः बांधली होती, तो गेल्यापासून कुणी उघडलेली नाही. चल.”

डॉक्टरांनी आणि मी मिळून झाकण उचललं. मी गुडघ्यांवर बसले, पोटावर आडवी झाले आणि डोकं आत घातलं. टाकीला तळ होता, पण बाहेर जाणारा पाइप पाझराकडे जातच नव्हता. तो सरळ मागच्या ओढ्यात निघत होता, आणि ओढा पुढे दोन घरांच्या अंगणांतून जातो.

मी उठून बसले. ब्रिडी काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती. नवऱ्याच्या हातचं काम होतं ते.

“काय आहे?” तिने विचारलं.

“चांगली नाही.”

तिने ओढ्याकडे पाहिलं, त्यापलीकडच्या दोन घरांकडे पाहिलं.

“मग तसंच लिही,” ती म्हणाली.